चुळबुळ

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या हॉलमध्ये ऊन येतं आणि साडेआठला निघून जातं. समोर दोन नव्या इमारती झाल्या. त्यांच्यामध्ये जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी फट उरली आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या फटीतून सूर्य आमच्याकडे पायधूळ झाडून जातो. हा वाक्प्रचार त्याने फारच मनावर घेतलेला दिसतो. एरवी लखलखीत वाटणाऱ्या आमच्या हॉलमध्ये किती धूळ तरंगते आहे, हे तो वीस मिनिटांत चव्हाट्यावर मांडतो आणि कसलीही जबाबदारी न घेता पुढच्या बिऱ्हाडाकडे वळतो.

निवृत्त झाल्यापासून या वीस मिनिटांचा मी एकमेव नियमित प्रेक्षक आहे. खुर्ची तिरिपीसमोर ओढायची, चहाचा कप गुडघ्यावर तोलायचा आणि बघत बसायचं. काही कण वर चढत असतात, काही रमतगमत उतरत असतात. एखादा अगदी निश्चयाने उजवीकडे निघतो आणि गॅस चालू राहिल्याची आठवण व्हावी तसा गर्रकन मागे फिरतो. उन्हाच्या कडेला पोचला की नाहीसा होतो. तो असतोच, फक्त आपल्या लेखी संपतो.

"काय बघताय एवढं?" परवा हिने विचारलं. हिच्या हातात फडकं होतं.

"धूळ."

"बघताय कशाला? पुसा."

धुळीच्या बाबतीत आमच्या घरात असे दोन संप्रदाय आहेत. चाळीस वर्षांच्या संसारात ना तिने बघायला सुरुवात केली, ना मी पुसायला.

खरं तर मला हा नाद लहानपणीचा. कोकणात आमचं आजोळ होतं. माजघर इतकं अंधारं, की दुपारीही माणूस आवाजावरून ओळखावा लागे. छपरावर शेकडो मातीची कौलं आणि त्यांत एकच काचेचं. त्यातून एक कवडसा खाली उतरे. आजीचं घड्याळ तेच. कवडसा घुसळखांबाला टेकला की भाताचं आधण ठेवायचं, आणि उंबरठ्याशी आला की चहाचं. मार्गशीर्षात तो एका वाटेने जाई, चैत्रात दुसऱ्या. ती दुरुस्ती आजी मनातल्या मनात करून घेई. चुलीचा धूर त्या उजेडात शिरला की कवडसा इतका भरीव दिसे, की त्याला दोर बांधून वर चढता येईल असं वाटे.

आम्ही पोरं त्यातले कण पकडायचो. मूठ झपकन मिटायची, अंधारात नेऊन हळूच उघडायची. काही नसायचं. मग कण कमी पडतात म्हणून गोधडी आपटायची. मग आजीचा धपाटा खायचा. निरीक्षण, प्रयोग आणि निष्कर्ष हा विज्ञानाचा क्रम मी तिथे शिकलो.

शाळेत मात्र माझी ख्याती वेगळी होती. मास्तर मला 'चुळबुळ्या' म्हणत. आम्ही बसकरपट्टीवर दाटीवाटीने बसत असू. डावीकडच्याचं कोपर लागे, उजवीकडच्याचा गुडघा लागे, मागचा पाठीत पेन्सिल टोची. मी हले. मास्तरांना फक्त माझं हलणं दिसे. "मी नाही हलत, मला हलवतायत," असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर मिळालेली छडी मला अजून आठवते. माझी सबब म्हणजे उत्तम भौतिकशास्त्र होतं, हे कळायला मला पुढे पंचावन्न वर्षं लागली.

या उन्हातल्या कणाला आपल्याकडे फार जुनं नाव आहे: त्रसरेणू. त्रस् म्हणजे थरथरणं, रेणू म्हणजे धूळ. थरथरणारी धूळ. आपला 'त्रास' हा शब्दही याच त्रस् धातूतून आलेला. मी हे मोठ्या कौतुकाने हिला सांगितलं. "यात नवीन काय?" ती म्हणाली. "रोजचाच त्रास आहे."

पण याज्ञवल्क्यस्मृतीने या त्रासाला भलताच मान दिला आहे. झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसणारा कण हे तिथे वजनाचं पहिलं माप. आठ त्रसरेणू म्हणजे एक लीख, तीच, केसांतली. तीन लिखा म्हणजे मोहरीचा एक काळा दाणा, तीन काळे म्हणजे एक पांढरा, सहा पांढरे म्हणजे एक मध्यम जव आणि तीन जव म्हणजे एक गुंज. झरोक्यातून निघालेला हिशोब केसांतून, फोडणीतून आणि धान्याच्या कणगीतून फिरत थेट सोनाराच्या तराजूत येतो. मी कागद-पेन्सिल घेतली. गुंजेला १,२९६ त्रसरेणू. आजीच्या कोष्टकाप्रमाणे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा धरला, तर तोळ्याला १,२४,४१६. आमच्या शोकेसवर निदान पाच तोळे तरी साठले असावेत. प्रत्यक्षातला कण या मापापेक्षा हजारो पटींनी हलका असतो, पण आपल्या घरच्या संपत्तीचा अंदाज करताना इतकं काटेकोर कुणी राहत नाही.

न्याय-वैशेषिक पंडितांनी याच कणाचं दुसरं गणित मांडलं. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा एक त्रसरेणू. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यांत लहान वस्तूत परमाणू सहा. आज मोजायला गेलं तर ते अब्जावधी भरतात, त्यामुळे आकडा चुकलाच. पण जे दिसतं ते न दिसणाऱ्यांचं बनलेलं आहे, हे नुसत्या उन्हाकडे बघून ओळखणाऱ्यांना मी नापास करणार नाही. तिकडे रोममध्ये दोन हजार वर्षांपूर्वी ल्युक्रिशियस नावाचा कवी असाच तिरिपीसमोर बसला होता. हे कण लढाईत असल्यासारखे धावतात, याचा अर्थ त्यांना कोणीतरी अदृश्य ढकलत असलं पाहिजे, असं त्याने आपल्या काव्यात लिहून ठेवलं. एकूण काय, काम नसलेली माणसं सगळ्या देशांत आणि सगळ्या काळांत होती. त्यामुळे मला जरा बरं वाटलं.

हे बरं वाटणं रविवारपर्यंत टिकलं. रविवारी पुतणी आली. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मी तिला खुर्चीत बसवलं, तिरीप दाखवली आणि यजमानाच्या थाटात म्हणालो, "बघ. ब्राउनियन गती."

तिने दोन मिनिटं पाहिलं. "काका, ही ब्राउनियन गती नाही."

"मग काय आहे?"

"तुमचा चहा."

गरम चहावरची हवा वर चढते, तिच्याबरोबर कण चढतात. काकू आतून बाहेर आली की तिच्या पदराबरोबर झोत येतो. पंखा, खिडकीची फट, आपला श्वास, सगळे मिळून हवा ढवळतात, आणि धूळ बिचारी नेतील तिकडे जाते. तिने माझा कप आत नेऊन ठेवला, पंखा बंद केला आणि मला श्वास रोखायला सांगितला. नाच खरोखर मंदावला. बासष्ट वर्षं मी ज्याला निसर्गाचं नृत्य समजत होतो, त्यातला निम्मा भाग मी स्वतःच उसासे टाकून चालवला होता.

"मग खरी ती गती कुठे असते?"

"असते यातच. पण दिसत नाही."

तिने आकडे सांगितले. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. एक मायक्रॉनचा कण घेतला, तर हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी तो एका सेकंदात आपल्या जागेपासून सरासरी सात-आठ मायक्रॉन सरकतो. एका तासात अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. धक्के देणारे रेणू बंदुकीच्या गोळीच्या वेगाने, सेकंदाला पाचएकशे मीटर धावत असतात, पण सगळीकडून सगळेच मारत असल्यामुळे फारसं काही घडत नाही. मला आमचं ऑफिस आठवलं.

हाच कण शांत हवेत छतापासून जमिनीवर उतरायला वीसेक तास घेतो. हे ऐकून हिने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. म्हणजे आज झाडताना उडालेली धूळ उद्याच्या झाडण्याच्या वेळेस खाली पोचते? पोचते. आणि तेव्हा पुन्हा उडते? उडते. "कालच तर पुसलं होतं!" या घरोघरच्या उद्गाराला शास्त्राचा एवढा भक्कम आधार असेल, असं तिला वाटलं नव्हतं. पुतणीबद्दल तिचं मत त्या दिवसापासून फार चांगलं झालं.

धक्क्यांच्या भरवशावर राहिलं तर खोलीच्या एका टोकाच्या उदबत्तीचा वास दुसऱ्या टोकाला यायला कित्येक दिवस लागतील. हिची फोडणी पडल्याचं मला अर्ध्या मिनिटात शिंक येऊन कळतं, ते वाहत्या हवेच्या कृपेने.

ज्याचं नाव या गतीला आहे तो रॉबर्ट ब्राउन वनस्पतिशास्त्रज्ञ होता. १८२७ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली परागकण पाहत होता. फुलाचं नाव क्लार्किया, आणि मी जन्मभर क्लार्क, त्यामुळे हे नाव माझ्या लगेच लक्षात राहिलं. परागातून निघालेले बारीक कण पाण्यात सारखे हलत होते. ब्राउनला आधी वाटलं, जीव आहे म्हणून हलतात. मग त्याने वाळवून ठेवलेल्या, कधीच मेलेल्या झाडांचे कण घेतले. तेही हलले. काचेची पूड घेतली, दगडाची घेतली. हलली. शेवटी इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडासुद्धा त्याने कुटून पाहिला. साडेचार हजार वर्षं वाळवंटात ढिम्म बसलेला तो स्फिंक्स, त्याची पूडही पाण्यात पडल्याबरोबर माझ्यासारखी बसकरपट्टीवरून हलू लागली. ब्राउनने हलणं जिवंतपणाचं नाही एवढं सिद्ध केलं आणि कारण सांगायच्या भानगडीत तो पडला नाही. संशोधकांमध्ये हा संयम दुर्मीळ आहे.

कारण सांगितलं एका सरकारी नोकराने. १९०५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरातल्या पेटंट कचेरीत सव्वीस वर्षांचा एक कर्मचारी होता. हुद्दा: तांत्रिक तज्ज्ञ, तिसरा वर्ग. नाव आइन्स्टाइन. मीही वर्ग तीनचा. हे कळल्यावर माझी कॉलर इतकी ताठ झाली, की पुतणीला थोडा वेळ थांबावं लागलं. (पुढच्याच वर्षी त्याला दुसऱ्या वर्गात बढती मिळाली, हे तिने जरा नंतर सांगितलं. तिथे आमच्या वाटा वेगळ्या होतात.)

त्याचं म्हणणं असं. जत्रेच्या गर्दीत हत्ती उभा राहिला तर त्याला चारी बाजूंनी धक्के बसतात, पण एकमेकांत मिटून जातात आणि हत्ती जागचा हलत नाही. त्याच गर्दीत लहान पोरगं सापडलं, तर या क्षणी डावीकडून दोन धक्के जास्त, पुढच्या क्षणी मागून तीन जास्त, असं होत ते भरकटतं. पाण्यातला बारीक कण म्हणजे हे पोरगं. आणि ते किती भरकटेल, याचा हिशोब करता येतो. तो कालावधीच्या वर्गमुळाने वाढतो. दुप्पट लांब जायचं तर चौपट वेळ, दहापट लांब जायचं तर शंभरपट.

"म्हणजे तुम्ही कोथिंबीर आणायला जाता तसं," ही म्हणाली.

हा टोमणा होता, पण गणितात बसणारा होता. भाजीवाली आमच्या फाटकापासून दोनशे पावलांवर बसते. मी निघतो सरळ. फाटकाशी वॉचमन पाण्याच्या टाकीचं गाऱ्हाणं सांगायला मागे नेतो. तिथून सुटलो की तळमजल्यावरचे सद्गृहस्थ गुडघ्याचा एक्स-रे दाखवायला घरात ओढतात. कोपऱ्यावर एक जुना सहकारी भेटतो, त्याला बसस्टॉपपर्यंत पोचवावं लागतं. तासाभराने मी पुन्हा आमच्याच फाटकाशी असतो. कोथिंबीर राहिलेली असते. गंमत अशी, की त्याच १९०५ साली कार्ल पिअरसन या गणितज्ञाने 'नेचर' नियतकालिकात प्रश्न विचारला होता: माणूस काही पावलं चालला, मग वाटेल त्या दिशेला वळून पुन्हा तेवढाच चालला, असं करत राहिला, तर शेवटी कुठे सापडेल? उत्तर आल्यावर त्याने सार काढलं, की झिंगलेला माणूस जिथून निघाला त्याच्या आसपासच सापडण्याचा संभव जास्त. हे मी हिला सांगितलं ती माझी चूक. आता मला उशीर झाला की ती आधी फाटकाशी डोकावते.

रात्री झोप येईना. उठून हिशोब केला. नोकरी छत्तीस वर्षं. छत्तीसचं वर्गमूळ सहा. डोळे मिटून मी ऑफिसातल्या टेबलांची रांग आठवली. रुजू झालो ते दाराशेजारचं टेबल, निवृत्त झालो ते रेकॉर्डच्या कपाटाजवळचं. मोजली. बरोबर सहा टेबलं.

आणि ती सहा टेबलं मी काही चालत गेलो नव्हतो. एकदा डोक्यावरचं छत गळायला लागलं म्हणून सरकलो. एकदा नवं कपाट आलं. एका साहेबांना दक्षिणेकडे तोंड करून बसलेला कारकून चालेना. एकीला पंख्याखाली जागा हवी होती, एकाला पंख्याखालून सुटका. मध्ये दोनदा मी मागेही आलो होतो. नातेवाइकांत 'याने आयुष्यात काही केलं नाही' असं माझ्याबद्दल बोललं जातं. चूक आहे. मी छत्तीस वर्षं सतत हलत होतो.

पण आइन्स्टाइनच्या हिशोबातली खरी मेख पुढेच आहे. त्या काळी अणू-रेणू खरोखर असतात, हेच अनेक मोठ्या शास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. दिसत नाहीत ते कसे मानायचे? कणाची धडपड मोजली तर धक्के देणाऱ्यांची गणती करता येईल, हे या हिशोबाने दाखवलं. गणती केली पॅरिसच्या झाँ पेरँने. त्याने गँबोज नावाच्या पिवळ्या रंगाचे कण घेतले. हा रंग ज्या झाडाच्या चिकापासून होतो ते आपल्या कोकमाच्या गोतातलं. म्हणजे अणूच्या खटल्यात आमच्या आजोळच्या सोलकढीच्या भाऊबंदाची साक्ष झाली. दर तीस सेकंदांनी कण कुठे आहे त्याची खूण करायची, खुणा रेघेने जोडायच्या. मांजराने लोकर विस्कटावी तशी ती चित्रं दिसतात. त्या गुंताड्यातून पेरँने एका मोल पदार्थातल्या रेणूंची संख्या काढली: सहावर तेवीस शून्यं, त्याच्या जवळपास. ओस्टवाल्डसारखा अणूंचा कट्टर विरोधकही शेवटी नमला. पेरँला १९२६ चं नोबेल मिळालं.

मला यातलं नोबेल नको, पण न्याय हवाहवासा वाटतो. तो कण कुठेही पोचला नाही. पण त्याच्या रेघांवरून, त्याला ढकलून गेलेल्या सगळ्यांची शिरगणती झाली. माझ्या सहा टेबलांचा नकाशा उद्या कुणी नीट वाचला, तर त्यात गळकं छत सापडेल, साहेबांची वास्तू सापडेल, पंख्याखाली घाम पुसणारी ती बाई सापडेल. माझ्या बाजूला बसलेली पोरं सापडतील, कोपरं आणि पेन्सिलीसकट. मास्तरांनी छडी उगारण्याआधी एवढं वाचायला हवं होतं.

पुढच्या रविवारी पुतणी कॉलेजातला सूक्ष्मदर्शक घेऊन आली. काचेच्या चिमुकल्या डबीत तिने उदबत्तीचा धूर कोंडला आणि बाजूने उजेड सोडला. मी डोळा लावला. काळोखात चांदण्यांसारखे ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका थरथरत होता. माझ्या तिरिपीतल्या कणांचा डौल त्यांत नव्हता. इकडे एक हिसका, तिकडे एक हिसका, पुन्हा इकडे. माझा चहा आत होता, पंखा बंद होता, श्वास मी रोखला होता. तरी थांबत नव्हते.

मग हिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पुतणी शास्त्रीय शब्द सांगायच्या तयारीत उभी होती.

"काय चुळबुळ लावलीये मेल्यांनी!" ही म्हणाली.

ब्राउनपासून आजवर कुणाला इतका नेमका शब्द सापडला नसेल. जागा सोडवत नाही आणि जागेवर बसवतही नाही, याला आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? पुतणीने तो वर्गात वापरायचा ठरवला आहे.

कालची गोष्ट. आठ वाजून दहा मिनिटं झाली, ऊन आलं. मी खुर्ची ओढणार एवढ्यात हिने फडकं माझ्या हातात दिलं. "बघून झालं असेल तर पंखा पुसा. माझा हात पोचत नाही." संप्रदाय बदलायची वेळ आली होती. स्टुलावर चढलो आणि पहिल्या पात्यावरून फडकं फिरवलं. दोन-तीन महिन्यांचे त्रसरेणू एकदम सुटले आणि तिरिपीत उतरले. असा खेळ मी आजोळी गोधडी आपटूनही पाहिला नव्हता.

"जरा हळू पुसा," खालून आवाज आला.

"का? डोळ्यांत जातंय?"

"नाही. साडेआठला वेळ आहे अजून."

मी मान वळवून पाहायचा प्रयत्न केला, पण स्टुलावर तेवढी मोकळीक नव्हती.

"स्टूल धरलंयस ना?"

"धरलंय, धरलंय."

पण स्टुलाची चुळबुळ काही थांबली नाही.